शाळेतलं 'सौभद्र' आणि त्यातून लागलेलं गाण्याचं वेड

रानजाई:

मी गाणं शिकले नाही, गात नाही, घरातही कुणी गाणारं नव्हतं. तरी शास्त्रीय संगीत ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही आणि याचं सगळं श्रेय शाळेच्या गॅदरिंगमधल्या 'संगीत सौभद्र'ला आहे. भाचीच्या शाळेत यंदा नाटक बसवायचं ठरलंय, पण संगीत नाटक नको, मुलांना झेपत नाही, पालक कंटाळतात, असं तिथल्या बैठकीत बोलणं झालं म्हणे. ते कळल्यावर राहवेना, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या बाईंनी पाच अंकी 'सौभद्र' कापून तासाभरात बसेल असं केलं होतं. किर्लोस्करांच्या मूळ नाटकात शंभरावर पदं आहेत. वर्गातल्या कुणाला काय पेलेल ते पाहून बाईंनी मोजकी ठेवली. मुलींची शाळा, त्यामुळे अर्जुन, कृष्ण, बलराम सगळ्या मुलीच. ज्यांचा गळा बरा त्यांना गाती कामं मिळाली. मला मिळाली रुक्मिणी, कारण मी उंच होते आणि नऊवारी सांभाळू शकत होते. रुक्मिणीचं एकही पद ठेवलेलं नव्हतं. चार वाक्यं बोलायची, आणि एका प्रवेशात कृष्णासमोर बसून 'प्रिये पहा' ऐकायचं, एवढंच माझं काम.

आज मला वाटतं, त्या नाटकातलं सगळ्यात भाग्याचं काम माझ्याच वाट्याला आलं होतं. गाणारीला श्वास सांभाळायचा, ठेका सांभाळायचा, पुढचे शब्द आठवायचे. मला यातलं काही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर थेट संमेलनापर्यंत, रोजच्या तालमीत, एकच पद, हाताच्या अंतरावरून. "पद चालू असताना मी करू काय?" असं बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नीट ऐक. चेहरा आपोआप येईल."

पेटीला बाहेरून एक वयस्कर मास्तर यायचे. धोतर, काळी टोपी, कमी बोलणं. एका तालमीत कृष्ण झालेल्या मुलीने 'येत उषःकाल हा' या ओळीत गंधारावर, म्हणजे 'ग'वर, मस्तपैकी मुक्काम केला. आम्हा सगळ्यांना आवडलं. मास्तरांनी भाता थांबवला. म्हणाले, "बाळ, ही संध्याकाळ झाली. कृष्ण म्हणतोय पहाट झाली." आम्ही बघतच राहिलो. मग त्यांनी आम्हाला पेटीभोवती बसवलं, काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरला आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवली. सा रे ग प ध, पाचच स्वर. आधी खालच्या अंगाने, गंधारावर येऊन थांबत वाजवलं. म्हणाले, "हा भूप. दिवेलागण झाली." मग त्याच पाच पट्ट्या, पण बोटं वर राहिली, धैवतावर (ध) जोर, पंचमाशी (प) खेळ, रिषभाला (रे) जरासाच स्पर्श. "हा देसकार. उजाडलं." पट्ट्या त्याच होत्या हे मी डोळ्यांनी पाहत होते आणि कानांना मात्र दोन वेगळ्या वेळा ऐकू येत होत्या.

भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देसकाराचा वादी धैवत, एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावल थाटात, हे सगळं मी फार उशिरा वाचलं. त्या दिवशी एवढंच कळलं की स्वर कुठले आहेत यावर सगळं ठरत नाही. ते कुठे थांबतात, कुणाला मोठं करतात, यावर गाण्यात सकाळ होते की संध्याकाळ ते ठरतं. पुढच्या तालमीपासून मी धैवताची वाट पाहत बसू लागले. 'थंडगार वात सुटत' म्हणताना तो यायचा आणि मला खरंच गार वाटायचं.

संमेलन झालं, साड्या परत गेल्या, पण कान तसाच राहिला. रेडिओवर शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. घरचे झोपलेले असायचे, मी आवाज बारीक करून ऐकायचे. निम्मं कळायचं नाही, पण एखादा स्वर परत परत मोठा होतोय हे लक्षात यायचं आणि तेवढ्यावर पुढचा शनिवार गाठता यायचा. कॉलेजात असताना किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकला, 'सहेला रे'. सुरुवातीच्या आलापातच गंधारावर त्या ज्या थांबल्या, ते ऐकून मी एकटीच खोलीत म्हणाले, दिवेलागण झाली!

माझं म्हणणं असं आहे. नाटकामुळे राग मला शास्त्र म्हणून भेटला नाही. कुणीतरी कुणाला तरी काही सांगतंय, समजावतंय, जागं करतंय, अशा रूपात भेटला. एकदा तसा भेटला की मग शब्द गेले तरी चालतं. ख्यालातले, म्हणजे रागाच्या सविस्तर गायकीतले, शब्द अर्धे ऐकू येत नाहीत, पण मला कधी परकं वाटलं नाही, कारण आत कुणीतरी बोलतंय हे मला आधीच ठाऊक होतं.

तुमच्यापैकी कुणाला शाळेच्या नाटकातून असं काही लागलंय का? सविस्तर लिहा.

जवारी:

फार सुंदर लिहिलंय रानजाई. काळ्या पट्ट्यांचं ते गणित मीसुद्धा असंच शिकलो.

माझं उलट आहे. मी रंगमंचावर गेलोच नाही. आमच्या शाळेने 'शारदा'मधले दोन प्रवेश केले होते, आणि सुरुवातीला नांदी हवीच असा हेडसरांचा आग्रह. नांदी घेतली 'शाकुंतला'ची, 'पंचतुंड नररुंडमालधर'. शाळेत तंबोरा नव्हता, तो गावातल्या एका कीर्तनकारबुवांकडून आणला होता आणि पडद्यामागे तो धरून बसायला शांत मुलगा हवा होता. तो मी.

बुवांनी तार कशी छेडायची ते दाखवलं. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा). घाई करायची नाही, तबल्याच्या ठेक्यात अडकायचं नाही, आपल्या चालीने फिरत राहायचं. मग त्यांनी घोडीवरच्या तारांखालचे दोरे सरकवत जवारी लावली, म्हणजे तारांचा नाद खुलवला, आणि म्हणाले, "आता डोळे मिट आणि गंधार शोध." मी म्हटलं, "बुवा, गंधाराची तार कुठेय?" म्हणाले, "तार नाही. तरी आहे."

खरंच होता! खर्जाची तार छेडली की तिचा नाद विरता विरता त्यातून बारीकसा गंधार वर येतो. विज्ञानाच्या पुस्तकात पुढे वाचलं की कुठलीही तार कंप पावताना मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे स्वरही देत असते, आणि पाचपटीचा तो गंधार. पण दहाव्या-अकराव्या वर्षी पडद्यामागच्या अंधारात ते ऐकणं ही वेगळीच गोष्ट होती. जो स्वर कुणी वाजवलाच नाही तो सगळ्यांत गोड लागत होता. मग पडद्यापलीकडे सगळी मुलं एकदम 'पंचतुंड' म्हणून उठली आणि त्यांचा सा माझ्या तंबोऱ्यात येऊन मिळाला. मिळाला म्हणजे काय ते पाठीच्या कण्यात कळलं.

आजही मैफलीला गेलो की कलाकार येण्याआधी तंबोरे लागत असतात तेव्हाच जाऊन बसतो. माझी अर्धी मैफल तिथेच होते.

मोगरा_फुलला:

दोन्ही पोस्टी वाचून अंगावर काटा आला. वाचतेय, अजून येऊ द्या.

खर्ज:

रानजाई, लेख आवडला, पण मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही, ते मोकळेपणाने मांडतो.

मी बरीच वर्षं गाणं शिकतो आणि शिकवतो. नाट्यसंगीतातून आलेले श्रोते मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचं प्रेम खरं असतं, पण बहुतेक जण तिथेच राहतात. पद पाच-सात मिनिटांचं, मुखडा ओळखीचा, तान आली की टाळी. तोच कान विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालासमोर बसवला की एकेक आवर्तन (तालाचा फेरा) पाऊण-एक मिनिटाचं, समेवर (फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर) यायला एवढा वेळ, आणि मधे गायक दोनच स्वरांत फिरतोय. दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते आणि शेवटी "एखादं नाट्यगीत होऊ द्या" अशी चिठ्ठी मंचावर जाते. ती चिठ्ठी मी फार वेळा पाहिलीय आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

दुसरं असं की पदात शब्दाचा भाव आधीच ठरलेला असतो. देसकार म्हणजे पहाट, जोगिया म्हणजे करुण, असं एकदा डोक्यात बसलं की रागाला दुसरं काही म्हणायची मोकळीक राहत नाही. रागात त्याहून खूप जास्त असतं. मुलाला थेट तंबोऱ्यासमोर बसवावं, सा लावायला शिकवावं. रस्ता लांबचा आहे, पण पोचतो तिथेच. जवारींचा अनुभव मला म्हणूनच जास्त जवळचा वाटला.

रानजाई:

खर्ज, इतकं स्पष्ट लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. चिठ्ठीचं दुःख मलाही आहे.

पण दोन गोष्टी. पहिली, थेट तंबोऱ्यासमोर बसायचं भाग्य कुणाला? ज्याच्या घरी किंवा शेजारी गाणं आहे त्याला. माझ्यासारख्या मुलीला तंबोरा कुठे भेटणार होता? जवारींनासुद्धा तो नाटकामुळेच भेटला ना?

दुसरी, नाट्यसंगीत आणि ख्याल यांच्यात तुम्ही जी भिंत धरताय ती ज्यांनी ही पदं बांधली त्यांच्या मनात नव्हती. 1916 साली 'स्वयंवर' हे संगीत नाटक आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी ग्वाल्हेर घराण्याची तालीम फैजमहंमद खाँसाहेबांकडे घेतली, आग्र्याची नत्थन खाँसाहेबांकडे, जयपूरची अल्लादिया खाँसाहेबांकडे. एवढा मोठा ख्यालगायक 'नाथ हा माझा' यमनमध्ये आणि 'मम आत्मा गमला' बिहागमध्ये बांधतो, तेव्हा तो प्रेक्षकांना रागाबाहेर नेत नाही, आत बोलावतो. 'सुजन कसा मन चोरी' तर भूपातल्या बंदिशीवरूनच, रागात बांधलेल्या रचनेवरूनच, आलेलं पद आहे. नाटक पाहून घरी जाणारा माणूस बंदिश गुणगुणत घरी जात होता, तिला बंदिश म्हणतात हे त्याला माहीत असो वा नसो.

आणि स्वतः भास्करबुवा गाण्याकडे आले कुठून? लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. वयात येताना आवाज फुटला, कंपनीतलं गाणं सुटलं, आणि मग बडोद्याला फैजमहंमद खाँसाहेबांकडची खरी तालीम सुरू झाली. ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरही लहानपणी नाटक कंपनीत गात होते, तिथला त्यांचा आवाज ऐकूनच गुरू नीलकंठबुवांच्या तालमीची वाट उघडली. या माणसांना नाटकाने अडवलं नाही.

पहाट आणि देसकार यांचं घट्ट नातं जुळतं, हे तुमचं मान्य. मला ते ओझं वाटत नाही. पुढे मी देसकारातले ख्याल ऐकले, त्यात पहाटेचा गारवा होता तसा एक ताठा, एक तेजही होतं. पहिली ओळख एका अर्थाने झाली म्हणून पुढचे अर्थ बंद झाले नाहीत. पहिली ओळखच झाली नसती तर मात्र काहीच उघडलं नसतं.

तिहाई:

आमच्याकडचं ऐका. शाळेत 'संशयकल्लोळ'चे प्रवेश होते. तबल्याला मी, कारण आमच्या आळीच्या भजनात मी वाजवायचो. मला भजनी ठेका आणि केरवा एवढंच येत होतं, आणि तेवढ्यावर माझा रुबाब होता.

पदं बसवणाऱ्या सरांनी त्रिताल लावून दिला आणि एक गोष्ट सांगितली, ती मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणाले, "गाणारा काय म्हणतोय ते ऐकत वाजव. स्वतःचे बोल नंतर ऐक." भजनात सगळे मिळून माझ्या ठेक्यावर चालायचे. इथे मला दुसऱ्याच्या शब्दावर चालायचं होतं. मुखडा कुठून उचलतोय, कुठे श्वास घेतोय, समेला कसा येतोय. 'खाली', म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा, ऐकायला मी त्या नाटकात शिकलो. सम सगळ्यांनाच ऐकू येते, खाली शोधावी लागते.

त्याच सरांनी सांगितलं की बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा खाँसाहेब होते आणि सारंगीला कादरबक्ष. माझा विश्वास बसेना. नाटकाला थिरकवा? पुढे त्यांचा स्वतंत्र तबला रेकॉर्डवर ऐकला. पेशकार, म्हणजे वादनाचा सुरुवातीचा संथ भाग, सुरू झाला आणि मी जेवायला बसलो होतो तो उठलोच. एकेक अक्षर असं स्वच्छ, की कुठलं बोट कुठे पडलं ते दिसावं. हा माणूस रात्र रात्र बसून पदांना साधा ठेका धरत होता! रोज एवढ्या नेमक्या गाण्याला साथ केली तर हाताला केवढी नजर येत असेल, याचा विचार मी कितीतरी दिवस करत होतो. खर्ज म्हणतात तसं मी नाट्यसंगीतात अडकलो असतो तर तिथवर पोचलो नसतो.

मोगरा_फुलला:

तिहाई, "खाली शोधावी लागते" हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

कातरवेळ:

थोडं वेगळं सांगू का? आमचं नाटक संगीत नव्हतंच. गद्य एकांकिका, आंतरशालेय स्पर्धेसाठी. जत्रेत हरवलेला मुलगा, संध्याकाळ होत आलीय, आणि तो एकाच जागी उभा. संवाद जवळजवळ नाहीत. मी ध्वनियंत्रावर होते. टेपरेकॉर्डर, दोन कॅसेटी आणि वहीत लिहिलेल्या खुणा.

पार्श्वसंगीताला आधी आम्ही करुण म्हणून बासरीची एक धून लावली होती. दिग्दर्शन करणारे सर म्हणाले, "मुलगा अजून रडत नाहीये. त्याला अजून कळलेलं नाही की तो हरवलाय. रडू आणणारं नको, अस्वस्थ करणारं हवं." दुसऱ्या दिवशी त्यांनी सरोदवरचा मारवा आणला. आलापाची पहिली दोन-तीन मिनिटंच वापरायची होती.

मी ती कॅसेट मागे-पुढे करत किती ऐकली असेल! प्रत्येक तालमीत तोच आलाप. ऐकताना सारखं वाटायचं, आता घरी पोचेल, आता पोचेल, आणि तो पोचायचाच नाही. मारव्यात पंचम नाही हे मला नंतर कळलं. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्या आसपास राग फिरत राहतो, आणि षड्ज, म्हणजे सा, जो प्रत्येक रागाचं घर, तोच इथे लांबणीवर टाकला जातो. सरांनी हरवलेल्या मुलासाठी बरोबर तोच राग निवडला होता.

पुढे गायक अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध रेकॉर्ड मिळाली, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. इतक्या संथ गतीने कुणी गाऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. खर्ज, तुम्ही विलंबिताबद्दल लिहिलंत ना, मला त्या विलंबितात एकदाही चुळबुळ झाली नाही. मी त्या मुलाबरोबर उभी होते. म्हणून मला रानजाईंचं पटतं, आणि पदच हवं असंही नाही. एखाद्या प्रसंगात राग कानावर पडला आणि त्यात मूल स्वतः गुंतलेलं असलं, तर ते पुरतं.

खर्ज:

कातरवेळ, तुमचा अनुभव वाचून थांबलो. षड्ज लांबणीवर टाकणं हे मी विद्यार्थ्यांना आरोह-अवरोह, वादी-संवादी या भाषेत सांगत आलोय. हरवलेला मुलगा मला कधी सुचला नाही. पुढच्या वेळी मारवा शिकवताना वर्गात हे सांगेन, परवानगी आहे असं धरतो.

माझा आक्षेप जिथे उरतो तो एवढाच: नाटकानंतर पुढे काय? रानजाईंना रेडिओ मिळाला, तिहाईंना सर, कातरवेळना रेकॉर्ड. नाटक संपल्यावर ज्या मुलाच्या हाती पुढचं काही येत नाही, त्याचं बहुधा 'आमच्या शाळेत एकदा सौभद्र झालं होतं' एवढ्यावरच थांबतं. बसवणाऱ्या माणसाने पुढची सोय केली पाहिजे.

रानजाई:

खर्ज, हे शंभर टक्के खरं. आमच्या बाईंनी तेच केलं होतं, लिहायचं राहिलं. नाटक झाल्यावर त्या आम्हा चार-पाच जणींना शेजारच्या गावी एका गणेशोत्सवातल्या गाण्याला घेऊन गेल्या. पुढच्या रांगेत बसवलं आणि बजावलं, "कंटाळा आला तर उठून बाहेर जा, पण गप्पा मारायच्या नाहीत." कुणीही उठलं नाही.

शाळेची_घंटा:

नमस्कार. मी मराठी शिकवते, आठवी-नववीला. हा धागा दोन दिवस वाचतेय. यंदा आमच्याकडे 'सौभद्र'चे दोन-तीन प्रवेश करावेत असं फार मनात आहे. पण मला स्वतःला गाता येत नाही, पेटी वाजवता येत नाही. मुलं म्हणतात कराओके ट्रॅक लावू. आणि आठवीच्या मुलांचे आवाज फुटलेत, त्यांना कृष्ण कसा द्यायचा? अनुभवी लोकांनी सांगावं. रानजाईताई, तुम्ही तर सांगाच.

जवारी:

ताई, ट्रॅक शक्यतो नकोच. ट्रॅकची पट्टी आणि वेग आधीच ठरलेला असतो, मुलाला त्याच्या मागे धावावं लागतं. पेटीवाला माणूस मुलाच्या गळ्याला पट्टी जुळवून घेतो, अडखळलं तर थांबतो, ओळ परत देतो. गावात भजनी मंडळ असेलच, तिथे विचारा. पेटी आणि तबला दोन्ही तिथे मिळतात, आणि शाळेने बोलावलं की माणसं आनंदाने येतात. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल, पण तालीम सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी नुसता ऐकायचा.

मुलींसाठी काळी चार-पाच बघा. ज्या मुलांचे आवाज फुटताहेत त्यांना या वर्षी पदं देऊ नका, गळ्यावर ताण येतो. त्यांना साकी-दिंडीसारख्या छंदांतलं, बोलण्याच्या जवळचं काही द्या, तेही खालच्या पट्टीत, किंवा सरळ गद्य कामं द्या.

तिहाई:

तबला वाजवणारा मुलगा शाळेतलाच घ्या, बाहेरचा मोठा माणूस त्याच्या शेजारी बसवा. ठेका साधाच राहू दे.

खर्ज:

एकच पद घ्या, पण पूर्ण बसवा. पाच अर्धवट पदांपेक्षा एक पद मुलांच्या कानात मुरलं तर जास्त टिकेल. ज्या रागातलं पद असेल त्या रागातला एक छोटा ख्याल, दहा-बारा मिनिटांचा, तालमीच्या शेवटी लावा. काही समजावू नका, लावा फक्त. पदातल्या जागा मुलं आपोआप ओळखतील आणि एकमेकांना कोपराने ढोसतील. तुमच्याकडे तो क्षण आला की इथे येऊन नक्की लिहा.

रानजाई:

ताई, गाता येत नाही याची काळजी करू नका. आमच्या बाईंनाही येत नव्हतं. त्या तालमीभर एका बाजूला बसून ऐकायच्या, आणि त्यांच्याकडे बघूनच आम्हाला हे ऐकण्यासारखं आहे असं वाटायचं.

माझी विनंती एकच. ज्यांना गाणं नाही अशा मुलांना पदांच्या तालमीच्या वेळी घरी पाठवू नका. द्वारपाल असो, दासी असो, पडदा ओढणारा असो, सगळ्यांना बसू द्या. गाणारी मुलं कुठे ना कुठे गातीलच, क्लासला जातील, प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षा देतील. न गाणाऱ्यांना ही संधी पुन्हा येईलच असं नाही. रुक्मिणीला गाणं ठेवायचं नसलं तरी प्रवेशात तिची जागा कृष्णाच्या अगदी जवळ ठेवा, आणि तिथे बसवायला अशी मुलगी शोधा जिच्या घरी गाणं नाही.

शाळेची_घंटा:

अशी एक आहे वर्गात. उद्याच विचारते तिला. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांचा नंबरही शिपाईमामांकडून मिळालाय, शनिवारी शाळा सुटल्यावर येतो म्हणालेत. 'प्रिये पहा'च घेतेय.